सिंगल माल्ट निवडताना बाटलीवर नेमकं काय वाचायचं?

२४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यातल्या व्यापार करारावर सह्या झाल्या. करारात कापड आहे, मोटारी आहेत, कोळंबी आहे, पण घराघरांत आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत चर्चा रंगली ती स्कॉचची. स्कॉचवरचं १५० टक्के आयात शुल्क करार लागू होताच ७५ टक्क्यांवर येणार आणि मग दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत उतरणार, एवढी ती बातमी. त्यावरून ‘आता स्कॉच निम्म्या किमतीत’ असे निरोप फिरले. ते गणित चुकीचं आहे, त्याकडे पुढे येतोच. पण त्यानिमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा वर आला. दुकानात फळीवर दहा-पंधरा सिंगल माल्ट व्हिस्की ओळीने उभ्या असतात, कुणावर १०, कुणावर १२, कुणावर १८ असा वयाचा आकडा, आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. यातली घ्यायची कुठली? बहुतेक लोक मोठा आकडा किंवा खिशाला झेपेल तेवढी मोठी किंमत बघून बाटली उचलतात. भेट द्यायची असेल तर हमखास.

माझं म्हणणं असं की वयावरून आणि किमतीवरून चव कळत नाही. चव कळते ती तीन गोष्टींवरून: धूर आहे की नाही, व्हिस्की कुठल्या पिपात मुरली आणि किती टक्क्यांवर बाटलीत भरली. या तिन्हींचा माग बहुतेक वेळा लेबलवर किंवा खोक्यावर लागतो. तो काढायला शिकलं की पैसेही वाचतात आणि ‘हे काय औषधासारखं लागतंय’ म्हणून महागडी बाटली कपाटात पडून राहत नाही.

‘सिंगल’ कशात सिंगल आणि ‘माल्ट’ म्हणजे काय

बार्ली म्हणजे जव. ते भिजवायचे, मोड आणायचे आणि मोड फार वाढायच्या आत उष्णता देऊन वाळवायचे. असा मोड आणून वाळवलेला जव म्हणजे माल्ट. मोड येताना दाण्याच्या आत विकरं तयार होतात आणि पुढे गरम पाण्यात तीच दाण्यातल्या पिठाची साखर करतात. साखर झाली की यीस्ट घालून ती आंबवता येते. मोड आणण्याच्या खटाटोपाचं कारण एवढंच.

‘सिंगल’ या शब्दाने मात्र बराच गैरसमज होतो. एकाच पिपातली किंवा एकदाच गाळलेली असा त्याचा अर्थ नाही. बाटलीतली सगळी व्हिस्की एकाच डिस्टिलरीत तयार झालेली आहे, एवढंच तो सांगतो. एका नेहमीच्या १२ वर्षांच्या बाटलीमागे त्या डिस्टिलरीची शेकडो पिपं एकत्र केलेली असू शकतात. खरोखर एकाच पिपातली हवी असेल तर लेबलवर ‘सिंगल कास्क’ असं वेगळं लिहिलेलं असतं.

बाकीचे नियम ब्रिटनच्या २००९ च्या स्कॉच व्हिस्की कायद्यात आहेत. सिंगल माल्ट फक्त माल्ट केलेली बार्ली, पाणी आणि यीस्ट यांचीच हवी. ती तांब्याच्या भट्टीत घाणा-घाण्याने गाळलेली हवी, अखंड चालणाऱ्या उंच स्तंभाच्या यंत्रात नाही. स्कॉटलंडमध्येच, ओकच्या लाकडाच्या आणि ७०० लिटरहून मोठ्या नसलेल्या पिपात किमान तीन वर्षं मुरलेली हवी. बाटलीत भरताना अल्कोहोल ४० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. पाणी आणि साधा कॅरॅमल रंग, याखेरीज वरून काहीही घालायचं नाही.

आपल्या खरेदीच्या दृष्टीने आणखी एक नियम महत्त्वाचा आहे. २०१२ च्या नोव्हेंबरपासून सिंगल माल्ट स्कॉच बाटलीत भरायचीही स्कॉटलंडमध्येच. ब्लेंडेड, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांच्या व्हिस्की मिसळून केलेली, स्कॉच टाक्यांमधून भारतात येते आणि इथे बाटलीत भरली जाते, त्यात गैर काही नाही. पण बाटलीवर ‘सिंगल माल्ट स्कॉच’ आणि ‘भारतात भरलेली’ हे दोन्ही एकत्र दिसलं तर ती बाटली तिथेच ठेवावी.

चव येते कुठून? आधी धूर

स्कॉटलंडमध्ये, विशेषतः बेटांवर, झाडं कमी आणि दलदल भरपूर. त्या दलदलीत हजारो वर्षं शेवाळ, गवत आणि झुडपं अर्धवट कुजून एकमेकांवर दबली आणि त्यांचा काळपट थर झाला. त्याला पीट म्हणतात. तो विटांसारखा कापून, वाळवून चुलीत जाळायचा ही तिथली जुनी पद्धत. ओल्या माल्टला वाळवायला हाच पीट जाळला की त्याचा धूर दाण्याला चिकटतो आणि तो पुढे बाटलीपर्यंत पोचतो. शेकोटी, डांबर, आयोडीन, जुन्या दवाखान्याचा वास असं लोक ज्याचं वर्णन करतात तो हा धूर.

त्याचं मोजमाप माल्टमधल्या फिनॉल या द्रव्याच्या प्रमाणावर होतं, दहा लाख भागांत किती भाग असं. लॅगाव्हूलिनच्या माल्टमध्ये ते साधारण ३५ असतं, लाफ्रॉइगच्या ४० च्या आसपास, आर्डबेगच्या ५५ च्या आसपास. हा आकडा माल्टचा आहे, बाटलीतल्या व्हिस्कीचा नाही. दळण, आंबवणं, गाळणं यांत बराच धूर मागे राहतो. म्हणून आकडा दुप्पट तर धूरही दुप्पट असा हिशेब करू नये.

या तिन्ही डिस्टिलऱ्या आयला बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर एकमेकींच्या शेजारी आहेत. त्यावरून ‘आयला म्हणजे धूर’ असं समीकरण रूढ झालं. त्यावर डोळे झाकून विसंबू नका. त्याच बेटावरच्या बुनाहाव्हनची नेहमीची १२ वर्षांची व्हिस्की जवळपास धूरविरहित आहे. ब्रुक्लॅडी या नावाने विकली जाणारी व्हिस्कीही तशीच. उलट स्पेसाइड हा प्रदेश फळांच्या गोड वासासाठी ओळखला जातो, पण तिथेही पीट वापरून काही व्हिस्की बनतात. कायद्याने स्कॉटलंडचे पाच प्रदेश मानले आहेत: हायलँड, लोलँड, स्पेसाइड, आयला आणि कॅम्पबेलटाउन. अंदाज बांधायला ते उपयोगी आहेत, पण चवीची हमी देत नाहीत.

भट्टी

आंबवलेला माल्टचा रस साधारण ८ टक्के अल्कोहोलचा असतो, म्हणजे कडक बिअरइतका. तो तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळतात. गोव्यात काजूच्या रसापासून आधी उर्राक आणि ती पुन्हा गाळून फेणी काढतात, तसाच हा क्रम आहे. पहिल्या खेपेला साधारण पाव भाग अल्कोहोल मिळतं आणि दुसऱ्या खेपेला सत्तर टक्क्यांच्या आसपास. लोलँडमधली ऑखेनटॉशन तीनदा गाळते, आणि तिची व्हिस्की हलकी लागते.

आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हटलं की लोक कौतुकाने बघतात. स्कॉटलंडमध्ये पहिली धार बाजूला काढतात, कारण त्यात चटकन उडून जाणारी, नाकाला झोंबणारी द्रव्यं असतात. शेवटची धारही बाजूला काढतात, ती जड आणि कुबट असते. मधली तेवढी पिपात जाते. बाजूला काढलेली पुढच्या घाण्यात मिसळून पुन्हा गाळतात. मधली धार कुठे सुरू करायची आणि कुठे तोडायची, हा त्या डिस्टिलरीचा हात.

भट्टीच्या आकारानेही फरक पडतो. उंच मानेच्या भट्टीत जड वाफा वर पोचण्याआधीच थंड होऊन खाली पडतात आणि हलकी, फुला-फळांची व्हिस्की हाती लागते. ग्लेनमॉरंजीच्या भट्ट्या स्कॉटलंडमधल्या सर्वांत उंच भट्ट्यांमध्ये मोजल्या जातात. मॅकॅलनच्या ठेंगण्या आहेत आणि तिची व्हिस्की अंगाने भरलेली असते. तांबंही नुसतं भांडं नाही. वाफेतली गंधकाची द्रव्यं ते धरून ठेवतं. तांबं नसतं तर उकडलेल्या कोबीसारखा वास उरला असता.

पीप, म्हणजे अर्ध्याहून जास्त चव

भट्टीतून निघालेलं द्रव पाण्यासारखं स्वच्छ असतं. सोनेरी रंग, व्हॅनिला, सुकामेवा, दालचिनी हे सगळं लाकडातून येतं. बहुतेक डिस्टिलर अर्ध्याहून जास्त चवीचं श्रेय पिपालाच देतात. त्यामुळे लेबलवर सर्वांत आधी पिपाची ओळ शोधावी.

मुख्य प्रकार दोन. पहिलं बर्बनचं पीप. बर्बन म्हणजे अमेरिकेतली मक्याची व्हिस्की. अमेरिकी कायद्याप्रमाणे ती दर वेळी नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेलं पीप बर्बनसाठी बाद, म्हणून ते स्कॉटलंडला जातं. साधारण २०० लिटरचं हे अमेरिकी ओकचं पीप व्हॅनिला, मध, ओलं खोबरं अशी चव देतं. ग्लेनमॉरंजीची ओळखच या पिपाची आहे.

दुसरं शेरीचं पीप. शेरी ही स्पेनमधल्या हेरेसची वाइन, मद्यार्क घालून कडक केलेली. तिची पिपं मोठी, ५०० लिटरच्या आसपास. मनुका, खजूर, अंजीर, अक्रोड आणि गरम मसाल्याच्या वळणाची चव इथून येते. पूर्वी शेरी पिपांतूनच ब्रिटनला यायची आणि रिकामी पिपं व्हिस्कीवाल्यांना मिळायची. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीत भरणं सक्तीचं झालं आणि तो ओघ आटला. आज व्हिस्कीसाठी म्हणून मुद्दाम पिपं बनवून, त्यांत शेरी भरून ठेवून ती तयार केली जातात. खर्च वाढतो, आणि शेरीच्या पिपातली व्हिस्की सहसा महाग का असते याचं एक मोठं कारण हेच. मॅकॅलनची शेरी ओक मालिका, ग्लेनड्रोनाख, अबरलावर ही या बाजूची ठळक नावं.

पीप कितव्यांदा वापरलंय यालाही महत्त्व आहे. स्कॉच पहिल्यांदा भरली तेव्हा लाकूड जोरात बोलतं, तिसऱ्या-चौथ्या खेपेला ते जवळजवळ गप्प होतं. मग व्हिस्कीत धान्याची आणि भट्टीची मूळ चव पुढे येते.

पण जितकी जुनी तितकी चांगली, असंच ना?

नाही. लेबलवरचा आकडा त्या मिश्रणातल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं वय सांगतो. १२ लिहिलं असेल तर त्यात १५ किंवा २० वर्षांची व्हिस्कीही असू शकते, पण १२ हून कमी वयाचा एक थेंबही नाही. हे पिपातलं वय असतं. बाटलीत गेल्यावर वय थांबतं. काकांनी २००१ मध्ये आणून जपून ठेवलेली १२ वर्षांची बाटली आजही १२ वर्षांचीच आहे.

मुरणं लोणच्यासारखं आहे. कच्चं लोणचं तोंडाला तिखट-खारट लागतं, काही महिन्यांनी फोड आणि खार एकजीव होतात, आणि फार वर्षं राहिलं तर फोड काळी पडून कैरी कुठली ते ओळखूच येत नाही. कडक लाकडाच्या पिपात फार काळ राहिलेली व्हिस्कीही कोरडी, तुरट, नुसत्या लाकडाची होऊ शकते. धुराच्या व्हिस्कीत तर वय वाढतं तसा धूर मवाळ होत जातो. धूर आवडणाऱ्याला आर्डबेग १० किंवा लाफ्रॉइग १० यांत जो जोर मिळेल, तो २५ वर्षांच्या व्हिस्कीत मिळेलच असं नाही.

मग १८ वर्षांची इतकी महाग का? स्कॉटलंडच्या थंड हवेतही दर वर्षी पिपातला साधारण दोन टक्के माल उडून जातो. ते लोक त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. अठरा वर्षांत पिपातला जवळपास तिसरा हिस्सा गेलेला असतो, शिवाय तेवढी वर्षं गोदाम, भांडवल आणि विमा अडकून पडतो. किंमत या सगळ्याची असते. चव तितक्या पटीने वाढलेली असतेच असं नाही. माझ्या मते १० ते १६ वर्षांच्या पट्ट्यात पैशाचं सर्वांत चांगलं चीज होतं.

वय न लिहिलेल्या बाटल्या आपोआप वाईट ठरत नाहीत. अबरलावर अबुना ही वय न सांगणारी, पण शेरीच्या पिपातली जबरदस्त व्हिस्की आहे. मात्र वयही नाही, पिपाचाही पत्ता नाही आणि खोक्यावर नुसती सोनेरी अक्षरं असतील, तर सावध राहावं. विमानतळांवर अशा बाटल्या फार दिसतात.

एक बाटली हातात घेऊन वाचू या

बुनाहाव्हन १२ घ्या. पहिली ओळ आयला सिंगल माल्ट स्कॉच व्हिस्की अशी आहे, म्हणजे प्रदेश आणि जात कळली. मग १२ वर्षं. त्यानंतर ४६.३ टक्के, आणि इथे थांबून बघायला हवं. किमान मर्यादा ४० असताना यांनी ४६.३ का ठेवलं? व्हिस्कीतली काही स्निग्ध द्रव्यं कमी टक्केवारीत, थंडीत किंवा बर्फ घातल्यावर गढूळ दिसतात. ग्राहकाला गढूळपणा नको म्हणून अनेक कंपन्या व्हिस्की शून्याच्या आसपास थंड करून गाळतात. त्याला चिल फिल्टरिंग म्हणतात. त्यात गढूळपणा जातो, पण तोंडात तेलासारखा फिरणारा भरीवपणाही थोडा जातो. ४६ टक्क्यांच्या वर ठेवलं की व्हिस्की सहसा गढूळ होत नाही, मग असं गाळण्याची गरज उरत नाही. बुनाहाव्हन तसं गाळत नाही आणि ते बाटलीवर लिहितेही. रंगही घालत नाही.

रंगाचं हे कलम लक्षात ठेवा. कॅरॅमल घालायला परवानगी असल्याने गडद रंग म्हणजे जुनी किंवा शेरीच्या पिपातली व्हिस्की, असा अर्थ काढता येत नाही. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या बाटलीवर रंग घातल्याचं छापावं लागतं, आपल्याकडे तसं दिसत नाही. बाटलीवर ‘नैसर्गिक रंग’ असं असेल तरच रंगावरून काही बोलावं.

‘कास्क स्ट्रेंग्थ’ असेल तर पाणी घालून पातळ न करता पिपातून थेट भरलेली, बहुधा ५५ ते ६० टक्क्यांची. एका बाटलीत जास्त माल मिळतो, पण पाणी आपलं आपण घालायचं.

एवढ्या महागाच्या व्हिस्कीत पाणी?

खुशाल घाला. पिपात भरताना व्हिस्की साधारण ६३.५ टक्के असते. ४० टक्क्यांची बाटली म्हणजे डिस्टिलरीने आधीच पाणी घातलेली व्हिस्की. त्यात आणखी चमचाभर आपण घातलं तर काही बिघडत नाही, उलट वास खुलतो. स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर याचा अभ्यास केला. धुराचा वास देणारं ग्वायकॉल हे द्रव्य अल्कोहोल जास्त असताना अल्कोहोलच्या रेणूंमध्ये वेढलेलं राहतं. ४५ टक्के किंवा त्याखाली आलं की ते पृष्ठभागाकडे येतं, म्हणजे नाकाजवळ.

पद्धत सोपी आहे. तोंडाशी अरुंद होत जाणारा ग्लास घ्यावा, घरातला लहान वाइन ग्लास चालतो. ३० मिलि ओतून पाच मिनिटं तसाच राहू द्यावा. मग ग्लास हनुवटीशी धरून, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यावा. नाक आत खुपसलं तर अल्कोहोल झोंबतं आणि पुढचे काही क्षण दुसरा कुठलाही वास येत नाही. छोटा घोट तोंडात फिरवावा, गिळावा आणि नंतर घशात, जिभेच्या मागे काय उरतं ते बघावं. आता अर्धा चमचा साधं, थंड नसलेलं पाणी घालून पुन्हा वास घ्यावा. बहुतेकांना इथेच फरक कळतो.

बर्फाने वास दबतो आणि जीभ बधिर होते. पण मे महिन्यात मुंबईच्या उकाड्यात कुणाला एक खडा हवासा वाटला तर तो त्याचा आनंद आहे, अडवू नये. सोडा आणि कोला मात्र सिंगल माल्टवर खर्च करू नका. ज्या वेगळेपणाचे पैसे मोजले तोच त्यात हरवतो.

सोबत खायलाही विचार हवा. लसणाची शेव, तिखट चिवडा, चकली यांच्यापुढे हलक्या व्हिस्कीचं काही चालत नाही. बिनमिठाचे काजू, अक्रोड, गडद चॉकलेट बरं. शेरीच्या पिपातल्या व्हिस्कीबरोबर खजूर. आयला बेटावर ताज्या कालवांवर धुराची व्हिस्की थेंब-थेंब घालून खातात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्यांना चांगली कालवं मिळतात, त्यांनी हे एकदा तरी करून बघावं. तळलेल्या बोंबलाबरोबर टॅलिस्करही उत्तम जाते, तिच्यात धुराबरोबर खारट, मिरीसारखी झाक आहे.

मला ते नासपती, व्हॅनिला वगैरे काही जाणवत नाही

ज्याला नासपतीचा वास रोजचा नाही त्याला तो नेमका सापडणारच नाही. समीक्षक आपापल्या घरातल्या आठवणींतून शब्द काढतात. तुम्हाला पिकलेलं केळं, गुळाची ढेप, कोकम, नवा चामड्याचा पट्टा, पहिल्या पावसातली माती असं काही आठवलं तर ते तितकंच खरं. आणि नुसतं ‘गोड’, ‘धुराचं’, ‘तुरट’ एवढंच कळलं तरी पुढची बाटली निवडायला पुरेसं आहे. दोन वेगळ्या व्हिस्की शेजारी-शेजारी ठेवून पंधरा-पंधरा मिलि चाखल्या तर फरक फार लवकर कळतो. एकटी चाखून कळत नाही, जोडीने कळते. क्रम मात्र हलकी, मग शेरी, शेवटी धूर. धुराची आधी घेतली तर नंतरच्या दोघींची चव लागत नाही.

म्हणजे ब्लेंडेड स्कॉच कमी दर्जाची?

तसं नाही. ब्लेंडमध्ये अनेक डिस्टिलऱ्यांची माल्ट व्हिस्की आणि गहू-मक्यापासून स्तंभात अखंड गाळलेली ग्रेन व्हिस्की एकत्र असते. जगात विकली जाणारी बहुतेक स्कॉच ब्लेंडच आहे. ग्लेनफिडिकने १९६३ पासून स्कॉटलंडबाहेर सिंगल माल्ट नेटाने विकायला सुरुवात केली, त्याआधी बहुतेक माल्ट ब्लेंडसाठीच जायची. दर बाटलीला तीच चव देणं हे ब्लेंडचं कौशल्य, आणि एकाच जागेची ओळख जपणं हे सिंगल माल्टचं. सोड्याबरोबर, गप्पांच्या मैफलीत ब्लेंड जास्त शोभते.

करारामुळे स्वस्त किती होणार?

समजा बंदरात उतरलेल्या बाटलीचं मूल्य १,००० रुपये आहे. १५० टक्के शुल्काने ती २,५०० ची होते, ७५ टक्क्यांनी १,७५० ची आणि ४० टक्क्यांनी १,४०० ची. पण ही दुकानातली किंमत नाही. दारू जीएसटीच्या बाहेर आहे. राज्याचं उत्पादन शुल्क, व्हॅट, आयातदार, वितरक आणि दुकानदार यांचा वाटा त्यावर चढतो, आणि त्याला करारात हात लागलेला नाही. म्हणून शुल्क अर्धं झालं तरी बाटली अर्ध्या किमतीत येणार नाही. राज्याच्या करानेही मोठा फरक पडतो. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं, तेव्हा इथल्या किमती चांगल्याच उतरल्या होत्या. परदेशातून येणाऱ्याला दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते, तो मार्ग आहेच.

आणि आपली सिंगल माल्ट?

ती स्कॉच नाही, पण सिंगल माल्ट नक्की आहे. बंगळुरूच्या अमृतने २००४ मध्ये थेट ग्लासगोत जाऊन आपली सिंगल माल्ट विकायला काढली. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे, तिची पहिली सिंगल माल्ट २०१२ मध्ये ब्रिटनमध्येच बाजारात आली. आपल्या हवेत देवदूतांचा वाटा वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणून इथे १८ वर्षं थांबलं तर पिपात फारसं काही उरणार नाही. उष्णतेने लाकडाशी देवाणघेवाणही वेगाने होते. पाच-सहा वर्षांची भारतीय माल्ट त्यामुळे चवीला पुरेशी मुरलेली असते. अमृत फ्युजनमध्ये भारतीय बार्ली आणि स्कॉटलंडची पीटवर वाळवलेली बार्ली दोन्ही आहेत. धुराची पहिली ओळख करून घ्यायला ती चांगली आहे.

थोडंसं आरोग्याचं आणि कायद्याचं

‘एक पेग हृदयाला चांगला’ हे विसरून जावं. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, आणि कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ते आहे. सिंगल माल्ट याला अपवाद नाही. जो पीत नाही त्याने चवीसाठी म्हणून सुरू करावी, असं मी कुणालाही सांगणार नाही. जे पितात त्यांनी कमी आणि लक्ष देऊन प्यावी. महाराष्ट्रात त्यासाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परवाना लागतो, गोव्यात वय २१. गाडी चालवताना १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि ती एका मोठ्या पेगनेही ओलांडली जाऊ शकते. ग्लास हातात घेतला की किल्ली दुसऱ्याकडे द्यावी.

पहिली बाटली कोणती?

शक्यतो बाटली आधी घेऊच नका. पुण्या-मुंबईत अनेक बारमध्ये सिंगल माल्ट ३० मिलिच्या मापात मिळतात, ५० मिलिच्या छोट्या बाटल्याही मिळतात. एक फळांची, एक शेरीची, एक धुराची अशा तिन्ही चाखा. फळांच्या बाजूला ग्लेनलिव्हेट १२ किंवा ग्लेनफिडिक १२, दोन्ही सौम्य आणि सहज मिळणाऱ्या. दोन्ही प्रकारची पिपं एकाच ग्लासात हवी असतील तर बाल्व्हेनी डबलवुड १२. शेरीसाठी ग्लेनड्रोनाख १२. धुरासाठी थेट लाफ्रॉइगवर उडी न मारता हायलँड पार्क १२ किंवा टॅलिस्कर १० घ्यावी आणि आवडली तर मग आयलाला जावं. भेट देताना समोरच्याला धूर चालतो का हे माहीत नसेल, तर धुराची बाटली देऊ नका, कितीही महाग असली तरी.

घरी आणल्यावर बाटली उभी ठेवा. आडवी ठेवली की कडक अल्कोहोल बुचाला खातं. उन्हापासून लांब ठेवा, म्हणजे काचेच्या शो-केसपेक्षा बंद कपाट बरं. अर्ध्याखाली गेलेल्या बाटलीत हवा जास्त होते आणि चव हळूहळू मावळते, म्हणून ती वर्षानुवर्षं शिल्लक ठेवण्यात अर्थ नाही. आणि रिकामी झाली की लेबल फाडून मगच भंगारात द्या. महागड्या रिकाम्या बाटल्यांना बनावट दारू भरणाऱ्यांकडे चांगला भाव असतो.